मशीन घ्या, पण सोबतचा हिरवा गॉगल वापरू नका – ५ वॉट लेझर एन्ग्रेव्हरचा रिव्ह्यू (ऐरोली)

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. मशीन चांगलंय, पैसे वसूल आहे, पण बॉक्समध्ये जो हिरवा गॉगल फुकट येतो त्याच्यावर डोळे सोपवू नका, दुसरा चांगला गॉगल घ्या आणि तो खर्च मशीनच्या किमतीतच धरा. आता ज्यांना कारण हवंय त्यांनी पुढे वाचा, लांबलचक होणार आहे, कारण डोळ्याला नक्की किती धोका आहे हे आम्ही आकडे मांडून काढलं आणि ते आकडे बघून मला खरंच वाटलं की हे मशीन घरात ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे.

आम्ही म्हणजे मी आणि माझी जाऊ. ऐरोलीत घरूनच काम करतो, नेमप्लेट, ट्रॉफ्या, की-चेन, पण मुख्य धंदा स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायचा. लग्न, मुंज, बारसं, हळदीकुंकवाचं वाण, वर्षश्राद्धाला वाटायच्या वाट्या, आपल्याकडे भांडं दिलं की त्यावर नाव हवंच. पूर्वी भांड्याच्या दुकानात टर्रर्र आवाज करणारा पेन घेऊन काका नाव कोरून द्यायचे, आता लोकांना फॉन्ट हवा असतो, गणपती हवा असतो, तारीख हवी असते, म्हणून हे मशीन घेतलं.

मशीनबद्दल पटकन. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ४० वॉट लिहिलंय, त्याला भुलू नका, तो मशीन किती वीज खातं त्याचा आकडा आहे, प्रत्यक्ष झोत ५ वॉटचा आहे आणि तो आकडा मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात आतल्या पानावर आहे. निळा लेझर, ४५० नॅनोमीटर (ही उजेडाची तरंगलांबी, म्हणजे लेझर कुठल्या रंगाचा ते सांगणारा आकडा). एमडीएफ, सागवान, चामडं, रंगवलेला धातू यावर झकास चालतं. स्टीलवर स्पीड अगदी कमी ठेवावा लागतो पण काळं अक्षर छान उमटतं, घासणीने जात नाही. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक कापत नाही कारण निळा उजेड त्यातून आरपार जातो. रेक्झिन चुकूनही घालू नका, त्यात पीव्हीसी असतं, धुरातून क्लोरीनवाला वायू येतो. लेझरजीआरबीएल हे फुकटचं सॉफ्टवेअर बिनतक्रार चालतं. जोडायला सोपं आहे. बेल्ट दोन्ही बाजूंनी सारखा ताणला नाही तर गोल काढायला गेलं की अंडं येतं, एवढं सांभाळा. बास, मशीनचं एवढंच.

आता डोळे. माझा पुतण्या, म्हणजे जावेचा मोठा, इंजिनीअरिंगला आहे, त्याने पहिल्याच दिवशी तो हिरवा गॉगल हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "काकू, याच्यावर काहीच लिहिलेलं नाहीये." आणि खरंच नव्हतं. ना नॅनोमीटर, ना ओडी (काच किती उजेड अडवते त्याचा आकडा), ना स्टँडर्ड, नुसतं हिरवं प्लास्टिक. तिथून हा सगळा हिशोब सुरू झाला.

पहिली गोष्ट समजून घ्या की लेझर आणि साधा बल्ब यात डोळ्यासाठी फरक काय. लेझरचा झोत डोळ्यात शिरला की डोळ्याचं भिंग तो पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एका अगदी बारीक ठिपक्यात गोळा करतं, बुबुळापाशी जेवढी तीव्रता असते त्याच्या साधारण एक लाख पट रेटिनावर. आणि रेटिनाला वेदना होत नाहीत. म्हणजे भाजलं तरी चटका बसल्यासारखं काही वाटत नाही, नंतर मध्यभागी डाग दिसतो तेव्हा कळतं, आणि रेटिनाचा तो भाग गेला की परत येत नाही. ४०० ते १४०० नॅनोमीटरमधले सगळे लेझर असे रेटिनापर्यंत पोचतात, आपला निळा त्यातच आला.

मग किती उजेड चालतो? याचा आकडा ठरलेला आहे, एमपीई म्हणतात, म्हणजे डोळ्यावर जास्तीत जास्त किती पडलं तर चालेल. ही मर्यादा इजेच्या पातळीच्या खाली ठेवलेली असते, पण ओलांडायची नाही हे धरून चालायचं. डोळ्यांसमोर झगझगीत काही आलं की माणूस पाव सेकंदात पापणी मिटतो किंवा मान फिरवतो, तो पाव सेकंद धरला तर दिसणाऱ्या लेझरला एमपीई येते चौरस मीटरला साधारण २५ वॉट. अंधारात बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, तेवढ्या भोकातून २५ च्या हिशोबाने जातात १ मिलिवॉट. धोक्याप्रमाणे लेझरचे वर्ग पाडलेत, त्यातल्या वर्ग २ च्या पॉइंटरला १ मिलिवॉटची मर्यादा असते ती इथूनच आली. वर्ग ३आर ५ मिलिवॉटपर्यंत, वर्ग ३बी ५०० पर्यंत, त्याच्या वर सगळं वर्ग ४. आपलं मशीन ५००० मिलिवॉट. म्हणजे वर्ग ४ जिथून सुरू होतो त्याच्याही दहा पट, आणि हे आम्ही हॉलमध्ये खिडकीखाली टेबलावर ठेवलंय.

पुढचा प्रश्न, किती लांब उभं राहिलं म्हणजे २५ च्या खाली येतं. याला सोपी रीत आहे. ५ वॉट पसरून साधारण अर्धा मीटर रुंद गोल झाला की तीव्रता २५ वर येते, हे क्षेत्रफळ काढून कोणीही पडताळून बघा. मग फक्त बघायचं की झोत अर्धा मीटर रुंद कधी होतो. या मशीनचं भिंग झोताला जवळच एका बिंदूत आणतं, त्यामुळे त्या बिंदूच्या पुढे तो भराभर पसरतो, आमच्यात मीटरमागे साधारण १० सेंटिमीटर. म्हणजे ५ मीटर. सरळ झोत किंवा सपाट चकचकीत स्टीलवरून उसळलेला झोत, ५ मीटरच्या आत कुणाचाही डोळा नको. ऐरोलीच्या वन बीएचकेत ५ मीटर म्हणजे स्वयंपाकघरसुद्धा आलं.

आणि हे भिंग जागेवर असताना. काही मॉड्यूलचं, म्हणजे लेझरच्या हेडचं, भिंग हाताने फिरवता येतं, लोक साफ करायला काढतात, सैल सोडतात. तसं करताना झोत सरळ झाला आणि मीटरमागे १ मिलिमीटरच पसरायला लागला तर तोच हिशोब ५०० मीटर सांगतो. घोडबंदर रोडला समोरचा टॉवर त्याच्या कितीतरी अलीकडे असतो. म्हणून भिंग साफ करायचं तर प्लग काढून, आणि परत नीट बसल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाहीये, याचा मला खरा राग आहे.

भांड्यांचं वेगळंच. वाटीची बाहेरची बाजू फुगीर असते, त्यावरून उसळलेला झोत अजून फाकतो, ते त्यातल्या त्यात बरं. डब्याचं सपाट झाकण आरशासारखं. आणि वाटीची आतली बाजू खोलगट, ती झोत परत गोळा करू शकते, त्यामुळे आतून नाव घालायची ऑर्डर आम्ही घेतच नाही, सरळ नाही म्हणून सांगतो. झाकणाचंच उदाहरण घ्या. कामावर वाकून बघताना डोळा साधारण ३० सेंटिमीटरवर असतो, तिथे झोत ३ सेंटिमीटर रुंद असणार, म्हणजे चौरस मीटरला ७००० वॉट. स्टीलने निम्माच परत फेकला धरू, ३५००. मर्यादा २५. १४० पट झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुठल्याच रिव्ह्यूत सापडलं नाही. लोक म्हणतात लाकडावर काम करत असाल तर काही नाही, उजेड चारी बाजूंना विखुरतो. अर्धं खरं आहे. लाकडावरून निम्मा उजेड विखुरला धरला तर ३० सेंटिमीटरवर तीव्रता येते साधारण ९ वॉट, २५ च्या खाली, पाव सेकंदासाठी काहीच हरकत नाही. पण पाव सेकंद बघतं कोण? आपण तर त्या ठिपक्याकडे टक लावून बसतो, अक्षर नीट येतंय का, जळतंय का, दहा-दहा मिनिटं. आणि निळ्या उजेडाची गोष्ट अशी आहे की तो फक्त भाजून इजा करत नाही, रेटिनावर रासायनिक परिणाम करतो आणि तो परिणाम साठत जातो. ४५० नॅनोमीटरला टक लावून बघायची मर्यादा चौरस मीटरला एकूण १०० जूल (जूल म्हणजे वॉट गुणिले सेकंद), आणि १०० सेकंदांच्या पुढे १ वॉट. ९ वॉटच्या हिशोबाने ११-१२ सेकंदांत कोटा संपला. १ वॉटच्या खाली यायला जवळपास ९० सेंटिमीटर लांब बसावं लागतं.

हां, हा हिशोब लेझर फुल पॉवरवर सलग चालू आहे आणि तुम्ही सलग त्याच्याकडेच बघताय असं धरून आहे. खऱ्या कामात लेझर चालू-बंद होत असतो, हेड पळत असतं, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच पडतं. पण धोक्याचा अंदाज काढताना वाईटातलं वाईट धरायचं असतं आणि दिवसभर ऑर्डर असली की हे सगळं एकावर एक चढतं. हाच ठिपका ५३२ नॅनोमीटरचा हिरवा असता तर या रासायनिक मर्यादेत साधारण ४४ पट सवलत मिळाली असती. निळ्याला ती नाही. तरी "साधा निळा लाइट तर आहे" म्हणून लोक गॉगल कपाळावर चढवून काम करताना दिसतात, मला ते बघवत नाही.

आता गॉगलची परीक्षा. पुतण्याने कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर, कमी पॉवरचा निळा लेझर बेंचवर फिट करून पॉवर मीटरने मोजून घेतलं. घरी असले प्रयोग करू नका, तिथे झोत कुठे जातो ते बांधलेलं असतं. हिरव्या गॉगलच्या काचेतून निळा ठिपका समोरच्या पांढऱ्या कागदावर स्वच्छ दिसत होता, आणि मीटरवर साधारण दहावा हिस्सा आरपार येत होता. ओडी म्हणजे काचेने किती अडवलं त्याचा आकडा, ओडी १ म्हणजे दहावा भाग येतो, २ म्हणजे शंभरावा, ३ हजारावा, असं. म्हणजे फुकटचा गॉगल जेमतेम ओडी १. आता वरचे आकडे लावून बघा. लाकडावरचा विखुरलेला उजेड, ९ चा होतो ०.९, कसाबसा बसतो. झाकणावरून उसळलेला झोत, ३५०० चा ३५०, मर्यादेच्या १४ पट, पाव सेकंदात सुद्धा. आणि हा गॉगल घातलेला माणूस बिनधास्त जवळ वाकतो, हेच भीतीचं आहे. हिरवी काच निळ्यासाठी मुळातच चुकीची आहे, निळा अडवायला काच नारिंगी-लालसर लागते.

किती ओडी हवा? सगळा ५००० मिलिवॉट झोत डोळ्यात गेला असं धरलं आणि आत १ मिलिवॉट चालतो, तर ५००० पट अडवायला हवं, ओडी ३.७, म्हणजे ४ घ्या. टक लावून बघायची मर्यादा धरली तर ५ च्या थोडं वर जातं. आम्ही ५ च्या वरचाच घेतला.

तो घेतला वागळे इस्टेटमधल्या एका सेफ्टीच्या सामानाच्या दुकानातून, आणि त्या दुकानाला माझ्याकडून पाचपैकी पाच. काउंटरवरच्या काकांनी गॉगल दाखवायच्या आधी विचारलं, लेझर कुठला, किती नॅनोमीटर, किती वॉट, सलग की पल्सवाला, म्हणजे तुटक झोताचा? ज्या दुकानात हे प्रश्न विचारत नाहीत तिथून घेऊ नका, एवढी साधी परीक्षा. मग त्यांनी गॉगलच्या काचेच्या वरच्या कडेला कोरलेलं भिंगाखाली वाचून दाखवलं, आधी नॅनोमीटरची रेंज, मग डी म्हणजे सलग चालणारा लेझर, मग एलबी आणि आकडा. हे ईएन २०७ चं, म्हणजे लेझर गॉगलच्या युरोपियन स्टँडर्डचं, मार्किंग. यातला आकडा नुसता किती अडवतो एवढंच सांगत नाही, तेवढा झोत थेट काचेवर पडला तर काच काही सेकंद तग धरते हेही त्यात आलं, वितळून भोक पडणाऱ्या काचेचा ओडी कितीही असून काय उपयोग. काकांनी हेही बजावलं की हे सगळं चुकून पडलेल्या झोतासाठी आहे, गॉगल घालून मुद्दाम झोतात बघायला नाही. सर्टिफिकेटची कॉपी मागितली, लगेच दिली. किंमत म्हणाल तर मशीनच्या एक तृतीयांशाच्या आसपास गेली, जाऊबाईंनी डोळे मोठे केले, पण आकडे समोर ठेवल्यावर त्यांनीच दोन घ्यायला लावले कारण मदतीला कोणीतरी असतंच.

वापरताना काय जाणवलं ते सांगते. चष्म्यावरून नीट बसतो, पण नाकाशी घाम येतो, आपल्याकडे मे महिन्यात त्रास होणारच. निळा रंग पूर्ण गायब होतो, मशीनचा निळा एलईडी लागलाय का विझलाय ते कळत नाही, मोबाइलमधली निळी बटणं काळी दिसतात. इमर्जन्सीचं लाल बटण मात्र छान दिसतं. लाकडावर काम चालू असताना निळा ठिपका दिसतच नाही, जळणारी जागा तेवढी केशरी चमकते, आणि काम बघायला ती पुरते. स्टीलवर मात्र फार काही दिसत नाही, तिथे टेस्ट पीस करूनच सेटिंग पक्कं करावं लागतं.

गॉगल घातलेल्या माणसाचेच डोळे वाचतात हेही लक्षात घ्या. घरात बाकी माणसं आहेत, सासूबाई चहा घेऊन येतात, जावेच्या धाकट्याचे डोळे तर बरोबर मशीनच्या उंचीला येतात. म्हणून पुतण्याने एमडीएफचं खोकं बनवलं, आतून काळा मॅट रंग, समोर लेझरसाठी मिळणाऱ्या नारिंगी अ‍ॅक्रिलिकची खिडकी, मागे एक्झॉस्ट फॅन, आणि दाराला एक छोटा स्विच, दार उघडलं की लेझरची वीज तुटते. हा स्विच सगळ्यात कामाचा. कंपनीने हेडभोवती जी छोटी नारिंगी पट्टी दिलीय ती सपाट लाकडाला ठीक आहे, पण वाटी ठेवली की खाली दोन बोटं फट राहते आणि उजेड बरोबर तिथूनच बाहेर येतो. व्हिडिओ काढायचा तर खिडकीतूनच काढा, उघड्या झोताने मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जातो.

आता एक काळजीची गोष्ट. जांभळी नाक्याकडे भांडी घ्यायला गेले होते तेव्हा एका दुकानात फायबर लेझरचं मशीन बघितलं, उघडंच, काउंटरवर. नाव घालणारा मुलगा बिनगॉगलचा, आणि गिऱ्हाईकाची छोटी मुलगी काउंटरवर हनुवटी टेकून बघत होती. फायबर लेझर १०६४ नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला दिसत नाही पण रेटिनापर्यंत पोचतो, आणि दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही, पाव सेकंदाचा हिशोब तिथे लागूच होत नाही. तो जो लाल ठिपका फिरताना दिसतो तो नुसता जागा दाखवायचा असतो. मी मुलीच्या आईला सांगितलं, त्यांनी लगेच मागे घेतलं, दुकानदाराने मात्र "रोजचंच आहे मॅडम" म्हणून सोडून दिलं. माझा नारिंगी गॉगल तिथे काही कामाचा नाही, वागळेच्या काकांनी स्वतःहून सांगितलं होतं की फायबरला हा चालणार नाही, त्याचा वेगळा येतो. नेमप्लेटवाल्यांकडचा सीओटू लेझर १०६०० नॅनोमीटरचा, तो रेटिनापर्यंत जात नाही पण डोळ्याचा वरचा पडदा भाजतो, त्याला तिसरीच काच. प्रत्येक लेझरचा गॉगल वेगळा, रंग बघून घ्यायची वस्तूच नाही ही.

बरेच जण विचारतात की दहीहंडी-गणपतीतल्या लेझर लाइटचं काय. हिशोब तोच, पॉवर, पसरण आणि किती वेळ, फक्त तिथे यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं आणि गॉगलही नसतो. २०२२ ला कोल्हापुरात विसर्जनानंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रेटिनात रक्तस्राव झालेले पेशंट आले होते, बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. पोरांना खांद्यावर घेऊन ट्रॉलीसमोर उभे राहू नका.

काम करताना कधी चुकून झोत डोळ्यात गेल्यासारखं वाटलं तर डोळा चोळू नका, दुखत नाही म्हणून दुर्लक्षही करू नका. एकेक डोळा झाकून चौकटीच्या कागदावर मध्यभागी बघा, रेघा वाकड्या दिसतात का, मध्ये डाग आहे का. आणि काही दिसो न दिसो, रेटिनाच्या डॉक्टरकडे जाऊन ओसीटी स्कॅन (रेटिनाचे थर दाखवणारी तपासणी) करून घ्या, जाताना लेझरचे नॅनोमीटर आणि वॉट लिहून न्या, त्यांना उपयोग होतो.

रेटिंग: मशीनला ४, एक स्टार ४० वॉटच्या छपाईचा आणि भिंगाबद्दल काहीच न लिहिण्याचा कापला. हिरव्या गॉगलला शून्य. विक्रेत्याला मी ओडी आणि सर्टिफिकेट विचारणारा मेल केला, उत्तर आलं की "हाय क्वालिटी प्रॉडक्ट आहे, निश्चिंत वापरा". परत विचारलंय, नॅनोमीटर आणि ओडी लेखी द्या म्हणून. आलं की इथेच अपडेट करते. ठाणे-नवी मुंबईत कोणाला खोक्याची मापं किंवा दाराच्या स्विचचं वायरिंग हवं असेल तर कमेंटमध्ये विचारा, पुतण्या ड्रॉइंग देईल.